लाखभर वस्तीच्या गावातला संघ: ग्रीन बे पॅकर्स टिकला कसा?

पुण्याहून आलेला प्रश्न असा आहे: न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांच्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये, विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव शंभर वर्षांहून जास्त काळ कसं टिकून राहिलं? लोकांनी शेअर घेऊन संघ वाचवला, म्हणजे हा आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखा प्रकार आहे का? आणि आज हा शेअर घेण्यात काही अर्थ आहे का?

मी क्रीडासंस्थांच्या हिशेबांचं काम करतो आणि विस्कॉन्सिनमध्येच राहतो, त्यामुळे पॅकर्सचा वार्षिक ताळेबंद दरवर्षी बारकाईनं वाचतो. माझं मत आधीच सांगतो. शेअरविक्रीनं हा संघ बुडता बुडता वाचला आणि गावातून हलला नाही, हे खरं. पण त्याला रोजचं अन्न मिळालं ते टीव्हीच्या पैशाच्या समान वाटणीतून. आणि मैदानावर तो जिंकला ते फक्त त्या काळात, जेव्हा संघ चालवणाऱ्या गावच्या समितीनं एका जाणत्या माणसाच्या हातात कारभार दिला आणि स्वतः मागे सरली. ही तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो आहे.

सुरुवात ऑगस्ट १९१९ ची. कर्ली लॅम्बो हा गावातलाच तरुण खेळाडू आणि जॉर्ज कॅल्हून हा 'प्रेस-गॅझेट' या स्थानिक दैनिकाचा क्रीडा संपादक, या दोघांनी संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. कंपनीनं जर्सींसाठी ५०० डॉलर दिले, त्यावरून संघाला पॅकर्स नाव पडलं. १९२१ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि पहिल्याच मोसमात कॉलेजचे खेळाडू खोट्या नावांनी खेळवल्याचं उघड झाल्यामुळे बाहेर फेकला गेला. लॅम्बोनं १९२२ च्या उन्हाळ्यात लीगमध्ये खेळण्याचा हक्क परत मिळवला.

त्या काळी अशी गावं बरीच होती. कँटन, रॉक आयलंड, डुलुथ, पॉट्सव्हिल, रसीन, केनोशा. लीगचा जन्मच अशा गिरणी-कारखान्यांच्या गावांत झाला होता. डिकेटरचा संघ १९२१ मध्ये शिकागोला गेला आणि पुढे बेअर्स झाला. पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेला, तोच आजचा लायन्स. बाकीचे बहुतेक मिटले. छोट्या गावांतला एकटा ग्रीन बे उरला.

का उरला, याचं पहिलं उत्तर १९२२ च्या पावसात आहे. तिकिटविक्रीशिवाय दुसरं उत्पन्न नव्हतं, आणि पाऊस लागला की प्रेक्षक येत नसत. एका सामन्यासाठी पावसाचा विमा काढलेला होता. पाऊस आला, पण विम्यात ठरलेल्या मापापेक्षा इंचाच्या एक शतांशानं कमी भरला आणि पैसे मिळाले नाहीत. तेव्हा 'प्रेस-गॅझेट'चा व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल पुढे आला. त्यानं गावातले व्यापारी, डॉक्टर, वकील गोळा केले. १९२३ मध्ये ना-नफा तत्त्वावर महामंडळ उभं राहिलं आणि पाच डॉलरला एक याप्रमाणे शेअर विकले गेले. टर्नबुल, ली जोनेस, डॉ. केली, वकील क्लिफर्ड आणि लॅम्बो या पाच जणांना लोक 'हंग्री फाइव्ह' म्हणत, कारण ते सतत कुणाकडे ना कुणाकडे पैसे मागत फिरत.

त्या पैशावर लॅम्बोनं १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं आणली. पण १९३१ मध्येच मैदानाच्या लाकडी बाकांवरून एक प्रेक्षक पडला, त्यानं दावा लावला आणि कोर्टानं पाच हजार डॉलर भरपाई ठरवली. विमा कंपनी मंदीत आधीच बुडाली होती. १९३३ मध्ये तीन वेळचा विजेता संघ कोर्टानं नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. १९३५ मध्ये दुसरी शेअरविक्री झाली, १५ हजार डॉलर उभे राहिले, आणि आजची 'ग्रीन बे पॅकर्स, इंक.' ही संस्था तेव्हा नव्यानं बांधली गेली.

त्याच वर्षी अलाबामाहून डॉन हटसन आला. त्यापूर्वी चेंडू हवेतून फेकणं हा अडचणीत सापडल्यावरचा उपाय असे, हटसननं त्याचा मुख्य मार्ग केला. ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षणी वळायचं आणि चेंडू तिथे आधीच निघालेला असायचा, ही आजच्या रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, पद्धत त्यानं रुजवली. शिकागो बेअर्सविरुद्ध, संघाच्या हाती चेंडू आल्यावरच्या पहिल्याच चालीत, त्यानं ८३ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला. अकरा मोसमांत त्यानं ९९ टचडाउन झेलले आणि तो विक्रम ४४ वर्षं टिकला. १९३६, १९३९ आणि १९४४ ची विजेतेपदं याच काळातली.

हटसन १९४५ नंतर थांबला आणि लॅम्बोचा तोल गेला. १९४६ मध्ये त्यानं गावाबाहेर रॉकवुड लॉज हा मोठा बंगला संघाच्या सरावासाठी विकत घ्यायला लावला. खर्च वाढला, सामने हरले, समितीशी भांडणं लागली. समितीनं त्याच्या अधिकारांना कात्री लावून उपसमित्या नेमल्या. १९४९ च्या मोसमात तिजोरी इतकी रिकामी झाली की खेळाडूंनी आपसातलाच एक सामना खेळून निधी जमवला. जानेवारी १९५० मध्ये रॉकवुड लॉज जळून खाक झालं, विम्याचे ७५ हजार डॉलर आले, आणि आठवडाभरातच लॅम्बो शिकागो कार्डिनल्सकडे निघून गेला. आग कशी लागली यावर इथे अजून चर्चा चालते. त्या विम्यानं संघाला श्वास मिळाला, एवढं मात्र हिशेबात स्पष्ट आहे. त्याच वर्षी तिसरी शेअरविक्री झाली. २५ डॉलरला एक शेअर, कुणालाही दोनशेहून जास्त नाहीत, आणि सुमारे १ लाख १८ हजार डॉलर जमले.

इथे साखर कारखान्याच्या तुलनेचं उत्तर देतो. गावानं भांडवल घातलं आणि गावाचीच माणसं संचालक झाली, एवढं साम्य आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात. सहकारात सभासदाला एक मत असतं, ऊसाला भाव मिळतो, लाभांश मिळू शकतो. पॅकर्सच्या शेअरवर लाभांश नाही, त्याची किंमत वाढत नाही, तो विकता येत नाही, फक्त घरातल्या माणसाला देता येतो. मत माणशी नसून शेअरमागे आहे. आणि सगळ्यात मोठं कलम असं की संघ विकला गेलाच तर भागधारकांना काहीच मिळत नाही. पूर्वी ती रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला स्मारकासाठी जायची होती, १९९७ पासून पॅकर्सच्या धर्मादाय प्रतिष्ठानाला जाईल. या एका कलमानं संघ गावाला खिळवून ठेवला. बाल्टिमोर, क्लीव्हलंड, ओकलंड यांनी आपले संघ गमावले, कारण मालकाला दुसरीकडे जास्त पैसे दिसले. ग्रीन बेमध्ये संघ विकून ज्याला फायदा होईल असा माणूसच नाही. लीगनं पुढे नियम केला की प्रत्येक संघात एका मुख्य मालकाकडे ठरावीक मोठा हिस्सा असलाच पाहिजे. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट आहे, पण दुसऱ्या कुठल्या गावाला हे आता करता येणार नाही.

संघ हलला नाही म्हणजे चांगला खेळला असं नाही. पन्नासच्या दशकात कारभार समितीच्या हातात होता आणि प्रशिक्षकाला रविवारच्या पराभवाचा जाब सोमवारी सदस्यांसमोर द्यावा लागे. १९५८ मध्ये संघानं बारापैकी एकच सामना जिंकला, दहा हरला, एक बरोबरीत सुटला.

या काळातला ज्या माणसाचं नाव जास्त घेतलं जावं असं मला वाटतं, तो जॅक वेनिसी. पोरसवदा वयात त्याच्याकडे खेळाडू शोधण्याचं काम आलं. कॉलेजांमधल्या प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार करून त्यानं नोंदींचं भलंमोठं भांडार उभं केलं. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी फेरीफेरीनं निवडून घ्यायचे. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये फॉरेस्ट ग्रेग, आणि सतराव्या फेरीत, जेव्हा इतरांचं लक्षही नव्हतं, बार्ट स्टार. १९५७ मध्ये पॉल हॉर्नंग. १९५८ मध्ये एकाच ड्राफ्टमध्ये जिम टेलर, रे निचकी आणि जेरी क्रेमर. म्हणजे जो संघ एकच सामना जिंकला, त्यात पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेलेले खेळाडू रांगेनं बसलेले होते. त्यांना कुणी नीट उभं केलं नव्हतं. न्यूयॉर्क जायंट्सचा साहाय्यक प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी याचं नाव लावून धरण्यातही वेनिसीचा वाटा होता. नोव्हेंबर १९६० मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो हृदयविकारानं गेला. एकही विजेतेपद त्याला पाहायला मिळालं नाही.

लोम्बार्डी १९५९ च्या सुरुवातीला आला तो अट घालूनच. प्रशिक्षक मी आणि जनरल मॅनेजरही मीच. खेळाडू, पगार, सराव, प्रवास, कशातही समितीचा शब्द चालणार नाही. समितीनं हे मान्य केलं. मला तो या संघाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा ठराव वाटतो. त्याच खेळाडूंसह पहिल्याच मोसमात सात विजय आले. पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि फिलाडेल्फियाकडून १७–१३ असा हरला. मग १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७ अशी सात वर्षांत पाच विजेतेपदं.

त्याच्या खेळाचं मर्म 'पॅकर स्वीप' या एका चालीत होतं. क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावत आणि मागून चेंडू घेऊन येणाऱ्या हॉर्नंग किंवा टेलरसाठी वाट मोकळी करत. ही चाल येणार हे समोरच्या संघाला ठाऊक असायचं. लोम्बार्डी ती इतक्या वेळा घोटवून घ्यायचा की बचाव कसाही उभा राहिला तरी धावणारा कुठे वळायचं ते त्या क्षणी बघून ठरवू शके. तो गुंतागुंतीच्या शंभर चाली शिकवत नव्हता, मोजक्या चाली निर्दोष करून घेत होता. आणखी एक गोष्ट त्याच्या खात्यावर मांडली पाहिजे. ग्रीन बे तेव्हा जवळपास पूर्ण गोऱ्यांचं गाव होतं. माझ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना जिथे प्रवेश नाही तिथे माझा एकही खेळाडू पाऊल टाकणार नाही, असं त्यानं गावातल्या हॉटेल-बारवाल्यांना बजावलं होतं.

३१ डिसेंबर १९६७ ला डॅलसविरुद्धचा सामना उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये झाला. मैदानाखाली बसवलेली तापवण्याची यंत्रणा निकामी झाली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पॅकर्सनी स्वतःच्या टोकाकडून ६८ यार्डांची मजल मारली. शेवटी १६ सेकंद उरली होती, टाइम-आउट (खेळ थांबवून घ्यायच्या संधी) संपले होते, आणि टचडाउनची रेषा दोन फुटांवर. स्टार स्वतःच चेंडू घेऊन क्रेमरच्या मागून आत घुसला. २१–१७. तिथे अडवला गेला असता तर दुसरी चाल खेळायला बहुधा वेळच मिळाला नसता. दोन आठवड्यांनी मायामीत ओकलंडला ३३–१४ हरवून त्यांनी दुसरा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा शेवटचा सर्वोच्च सामना, जिंकला. पहिला त्याआधीच्या वर्षी कॅन्सस सिटीविरुद्ध ३५–१० असा जिंकलेला होताच. सप्टेंबर १९७० मध्ये लोम्बार्डी कर्करोगानं वारला, आणि सुपर बोलच्या चषकाला त्याचं नाव मिळालं.

आता पैसा. लोम्बार्डीचं पहिलं विजेतेपद १९६१ चं, आणि ग्रीन बेचं भवितव्य ठरवणारा कायदाही त्याच वर्षीचा. तोवर प्रत्येक संघ टीव्हीचे हक्क स्वतंत्रपणे विकत असे. न्यूयॉर्कच्या संघाला प्रचंड बाजारपेठ, ग्रीन बेला दूधदुभत्याचा परिसर. हे असंच चाललं असतं तर दहा वर्षांत पॅकर्सना चांगल्या खेळाडूंचे पगार देणं अशक्य झालं असतं. लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकून पैसा समान वाटायचा प्रस्ताव मांडला. कोर्टानं तो मक्तेदारीविरोधी कायद्यात अडवला, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या संसदेकडून, म्हणजे काँग्रेसकडून, खास कायदा करून घेतला. ३० सप्टेंबर १९६१ ला अध्यक्ष केनेडींनी सही केली. सीबीएस या टीव्ही कंपनीनं १९६२ पासून वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर दिले, चौदा संघांत समान. ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकेच, म्हणजे सुमारे ३ लाख ३२ हजार. तिसऱ्या शेअरविक्रीत साऱ्या गावानं मिळून जे जमवलं त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही दरवर्षी.

यात न्यूयॉर्क जायंट्सचे मालक मारा आणि शिकागोचे जॉर्ज हॅलस यांनी स्वतःचा वाटा सोडला. हॅलस हे पॅकर्सच्या सर्वात जुन्या वैऱ्याचे मालक. १९५६ मध्ये नव्या स्टेडियमच्या कर्जरोख्यांवर ग्रीन बेमध्ये सार्वमत होतं, तेव्हाही ते गावात येऊन सभेत बोलले होते की हे स्टेडियम बांधा. बांधलं गेलं, ३२,५०० आसनांचं, आणि सप्टेंबर १९५७ मध्ये पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी हॅलस यांच्याच बेअर्सना हरवलं. १९६५ मध्ये लॅम्बो वारल्यावर त्याला लॅम्बो फील्ड नाव दिलं.

१९६८ ते १९९१ हा काळ मी झटपट सांगतो. चोवीस मोसमांत फक्त दोनदा, १९७२ आणि १९८२ मध्ये, संघ बाद फेरीत पोचला. टीव्हीचा पैसा येत होता, स्टेडियम भरत होतं, आणि तरीही हरत होते. पैसा नव्हता म्हणून हरले असं म्हणता येत नाही. निर्णय चुकत होते. १९७४ मध्ये प्रशिक्षक डॅन डिव्हाइननं चौतिशीतल्या जॉन हॅडल या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चाल चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूसाठी, ड्राफ्टमधले पाच हक्क देऊन टाकले, त्यात दोन पहिल्या फेरीचे. मोसम संपताच डिव्हाइन नोत्र दामला निघून गेला आणि रिकामं भांडं बार्ट स्टारच्या हाती आलं. १९८९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिचला निवडलं. पुढच्या तीन क्रमांकांवर बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डियॉन सँडर्स गेले, तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

१९८९ मध्ये अध्यक्ष झालेले बॉब हार्लन यांनी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये रॉन वुल्फ यांना आणलं आणि लोम्बार्डीला दिलेला तोच शब्द दिला: फुटबॉलचे सगळे निर्णय तुमचे. वुल्फनी माइक होमग्रेनला प्रशिक्षक नेमलं आणि अटलांटाच्या बाकावर बसलेल्या क्वार्टरबॅक ब्रेट फार्वसाठी पहिल्या फेरीचा हक्क दिला. त्या क्षणी हा सौदा बहुतेकांना महाग वाटला होता. १९९३ मध्ये रेजी व्हाइट आला. हा लीगमधला सर्वात मोठा बचावपटू, खुल्या बाजारात कुठल्याही शहरात जाऊ शकणारा, आणि त्यानं ग्रीन बे निवडलं. कृष्णवर्णीय खेळाडू या थंड, छोट्या गावात येणार नाहीत हा समज त्यामुळे मोडला. जानेवारी १९९७ मध्ये न्यू इंग्लंडला ३५–२१ हरवून सुपर बोल परत आला.

त्यानंतर अॅरन रॉजर्स २००५ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर मिळाला. तीन वर्षं तो फार्वच्या मागे बसला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये पिट्सबर्गविरुद्ध ३१–२५ असं तेरावं विजेतेपद घेऊन आला, जे लीगमध्ये कुणाहीपेक्षा जास्त आहे. २०२० मध्ये, रॉजर्स जोरात असताना, जॉर्डन लव्हला निवडलं तेव्हा चाहते चिडले होते. २०२३ मध्ये लव्ह खेळायला लागला आणि पहिल्याच मोसमात डॅलसला त्यांच्या मैदानावर ४८–३२ हरवलं. तीन दशकांहून जास्त काळ मुख्य क्वार्टरबॅक तिघेच. लोकांच्या रागाला घाबरणारी समिती असती तर यातला एकही बदल वेळेवर झाला नसता.

ताज्या हिशेबाकडे येतो. पॅकर्सना भागधारक असल्यामुळे आकडे जाहीर करावे लागतात, आणि लीगचा पैसा कसा वाटला जातो हे आम्हाला कळतं ते यांच्याच कागदांतून. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण उत्पन्न सुमारे ७२ कोटी डॉलर, त्यातले ४३ कोटींहून अधिक लीगच्या समान वाटणीतले. म्हणजे दर शंभर डॉलरमागे साठ. उरलेले चाळीस स्थानिक, आणि खरी चुरस तिथे आहे, कारण आलिशान बॉक्स, जाहिराती, दुकानं यांचा पैसा तसा वाटला जात नाही. म्हणूनच २००० मध्ये ब्राउन काउंटीच्या लोकांनी सार्वमतानं स्वतःवर अर्धा टक्का विक्रीकर बसवून लॅम्बो फील्डचं नूतनीकरण केलं, खर्च २९.५ कोटी डॉलर. आज तिथे ८१ हजारांहून जास्त आसनं आहेत. शिवाय ५० कोटी डॉलरहून मोठा राखीव निधी आहे. तो चैन नव्हे. २०२४ मध्ये लव्हबरोबर करार करताना ७.५ कोटी डॉलरचा बोनस द्यायचा होता, आणि इतर संघांप्रमाणे खिशात हात घालणारा अब्जाधीश इथे नाही.

शेवटी तुमचा शेअर. १९९७ मध्ये २०० डॉलर, २०११ मध्ये २५० आणि २०२१ मध्ये ३०० डॉलरला विक्री झाली, आणि आता पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. पैसा स्टेडियमच्या कामांत जातो. या विक्रीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की नफ्याच्या अपेक्षेनं घेऊ नका. सामन्याचं तिकीटही यानं मिळत नाही, त्याची प्रतीक्षायादी वेगळी आणि लाखाच्या वर आहे. मिळतं ते एक प्रमाणपत्र, संचालक निवडीत मत आणि जुलैत लॅम्बो फील्डवर भरणाऱ्या वार्षिक सभेला बसण्याचा हक्क. विक्री कायम चालू नसते, आणि गेल्या वेळी ती अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांपुरतीच होती, तेव्हा पुण्यात बसून घेता येणार नाही. इथे अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भावाबहिणीला हा खेळ मनापासून आवडत असेल, तर पुढची विक्री निघाल्यावर त्यांनी जरूर घ्यावा. गुंतवणूक म्हणून मात्र एक डॉलरही घालू नका.